दिशांची नावे कोणी, कुठे उभे राहून ठेवली?

जून महिन्यात शाळा उघडली की भूगोलाच्या पहिल्या काही तासांत दिशा शिकवल्या जातात. मुलांना अंगणात नेऊन उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे करतात. समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण, डाव्या हाताला उत्तर. मुले पाठ करतात, परीक्षेत लिहितात. पण पुढे कधीतरी सहज विचारले, "उत्तर कुठे आहे?", तर बरीचशी मुले बोट वर आभाळाकडे करतात, कारण वर्गातल्या नकाशात उत्तर वरच्या कडेला असते. अंगणातला धडा आणि भिंतीवरचा नकाशा यांची गाठ त्यांच्या मनात पडलेलीच नसते.

ही गाठ घालून देण्याचा एक मार्ग दिशांच्या नावांमधून जातो. प्रत्येक नाव म्हणजे कोणीतरी, कुठेतरी उभे राहून केलेले एक निरीक्षण आहे. निरीक्षण म्हटले की ते तपासता येते, आणि कुठल्या जागी ते खरे ठरते नि कुठल्या जागी ठरत नाही, हेही विचारता येते. नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे यासाठी फार सोयीचे आहेत. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांची दिशांची नावे इथे एकमेकांच्या कानावर पडतात.

पुढे, मागे आणि उजवीकडे

संस्कृतमधून आलेल्या आपल्या नावांपासून सुरुवात करू. 'पूर्व' म्हणजे पुढचा, आधीचा. म्हणूनच 'पूर्वी' म्हणजे आधी आणि 'पूर्वार्ध' म्हणजे आधीचा अर्धा भाग. 'पश्चिम' म्हणजे मागचा. 'पश्चात' हा त्याच घरातला शब्द. 'दक्षिण' म्हणजे उजवा. देवळाला प्रदक्षिणा घालताना देव आपल्या उजव्या हाताला राहतो, तो याच अर्थाने. 'उत्तर' म्हणजे मात्र डावा नव्हे. त्याचा अर्थ वरचा, अधिक उंच. उत्तरेला 'उदीची' म्हणजे वरची आणि दक्षिणेला 'अवाची' म्हणजे खालची, अशीही जुनी नावे आहेत. ज्यांनी ही नावे ठेवली ते सूर्योदयाकडे तोंड करून उभे होते, आणि त्यांच्या डाव्या हाताकडची जमीन हिमालयाकडे चढत गेलेली होती, असा याचा सरळ अर्थ लागतो.

म्हणजे शाळेच्या अंगणात आपण मुलांना जे उभे करतो, ते या शब्दांचे मूळ रूपच आहे. मुलाला 'दक्षिण म्हणजे उजवी' एवढे सांगितले तर पाठांतराची गरजच उरत नाही.

ही युक्ती एकट्या संस्कृतची नाही. आयर्लंडच्या जुन्या भाषेत 'देस' या शब्दाचे दोन अर्थ होते, उजवा आणि दक्षिण. हा शब्द आपल्या 'दक्षिण'चा दूरचा भाऊच आहे. दोघांचे मूळ एक. पण जिचे आपल्या भाषेशी काही नाते नाही त्या अरबीतही हेच आढळते. अरबीत 'यमीन' म्हणजे उजवा, आणि अरबस्तानच्या दक्षिण टोकाच्या येमेन देशाचे नाव त्याच धातूचे. उर्दूत उत्तरेला 'शुमाल' म्हणतात. तो शब्दही अरबी, आणि ज्या धातूपासून तो झाला त्याच धातूपासून डाव्या हाताचा अरबी शब्द झाला. अरबी बोलणारेही पूर्वेकडेच तोंड करून उभे होते.

'दक्षिण'चे प्राकृत रूप 'दक्खिण'. त्यावरून दख्खन, दखनी आणि इंग्रजांचे डेक्कन. आपण सारे दख्खनचे रहिवासी. पण हे नाव इथल्या माणसाच्या जागेवरून ठेवलेले नाही. नांदेडला उभे राहिलेल्या माणसासाठी नांदेड ना उजवीकडे असते ना डावीकडे; ते पायाखालीच असते. आपल्या मुलुखाला 'उजव्या हाताकडचा' म्हणणारा माणूस त्याच्या उत्तरेला कुठेतरी उभा होता.

चार सीमा, तीन भाषा

शेतीच्या कागदात दिशांना फार मोठे काम असते. जमीन कोणाची, हे तिच्या चतुःसीमेवरून ठरते. ही पद्धत जुनी आहे. राष्ट्रकूट राजे आपल्याला लट्टलूर नगरीचे स्वामी म्हणवून घेत. हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे बहुतेक अभ्यासक मानतात. नांदेड जिल्ह्यातले कंधारही राष्ट्रकूटांच्या काळात भरभराटलेले गाव. या राजांच्या ताम्रपटांत गाव दान देताना सीमा सांगतात, त्या 'पूर्वतः' या शब्दापासून. मग दक्षिणेची सीमा, मग पश्चिमेची, मग उत्तरेची. हा क्रम प्रदक्षिणेचा आहे. लेखक जणू त्या गावाला उजवे घालून फेरी मारतो आणि वाटेत लागणारी नदी, टेकडी किंवा शेजारचे गाव नोंदवत जातो. शेवटी जिथून निघाला तिथेच परत येतो, त्यामुळे मधे एकही बाजू सुटत नाही.

पुढे हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या कारभारात फारसीच्या जागी उर्दू आली. खरेदीखतातल्या चतुःसीमेला उर्दूत 'हुदूद-ए-अर्बा' म्हणतात, म्हणजे चार हद्दी. त्यात मशरिक म्हणजे पूर्व, मगरिब म्हणजे पश्चिम, शुमाल म्हणजे उत्तर आणि जुनूब म्हणजे दक्षिण. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानी राजवट संपली. १९५६ मध्ये भाषावार राज्यरचना झाली. तेव्हा बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले, आणि नांदेड जिल्ह्यातल्या मुधोळ तालुक्याचा मुधोळ-भैंसा भाग आंध्र प्रदेशात गेला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. १९८२ मध्ये त्याचा वेगळा जिल्हा झाला.

राज्ये बदलली, कचेरीची भाषा बदलली, पण शेताचे बांध जिथल्या तिथे राहिले. आजोबांच्या पेटीतला उर्दू कागद नातवाला वाचता येत नाही, अशी घरे मराठवाड्यात पुष्कळ आहेत. २०२३ मध्ये सरकारने निजामकालीन नोंदी तपासायला घेतल्या, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारे जाणकार शोधावे लागले. बांधाच्या भांडणात शुमाल आणि जुनूब यांची अदलाबदल झाली तर एका भावाचे शेत दुसऱ्याच्या नावावर दिसू शकते. त्या कागदात हा चार शब्दांचा अर्थ म्हणजे चार बांध असतात.

सूर्याने दिलेली नावे

मशरिक आणि मगरिब ही नावे आणखी एका तऱ्हेची आहेत. ती शरीरावरून आलेली नाहीत, सूर्यावरून आलेली आहेत. मशरिक म्हणजे उगवण्याची जागा आणि मगरिब म्हणजे मावळण्याची. सूर्यास्तानंतरच्या नमाजलाही मगरिबच म्हणतात. आपल्या बोलीतले 'उगवतीकडं' आणि 'मावळतीकडं' अगदी तसेच. उदगीर-देवणीच्या पलीकडे कन्नडमध्ये पूर्वेला 'मूडण' म्हणतात. 'मूडु' म्हणजे उगवणे. पश्चिमेला 'पडुवण', 'पडु' म्हणजे खाली पडणे, मावळणे. देगलूर-धर्माबादच्या पलीकडे तेलुगूत पश्चिमेला 'पडमर', तीही त्याच 'पडु'वरून. चारही भाषांनी सूर्य पाहिला आणि एकच गोष्ट सांगितली.

या नावांत एक अडचण मात्र आहे. सूर्य रोज एकाच जागी उगवत नाही. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास तो बरोबर पूर्वेला उगवतो. २१ जूनच्या सुमारास आपल्या अक्षांशावर तो पूर्वेच्या उत्तरेला सुमारे २५ अंश सरकलेला असतो, आणि २२ डिसेंबरच्या सुमारास तेवढाच दक्षिणेला. 'उगवती' म्हणजे एक बिंदू नसून क्षितिजाचा सुमारे ५० अंशांचा पट्टा आहे. आता शाळेचे वेळापत्रक आठवा. दिशांचा धडा आपण जूनच्या मध्यावर घेतो, म्हणजे नेमका चूक सर्वांत मोठी असते तेव्हा! डिसेंबरात साडेदहाच्या सुमारास तोच धडा घेतला तर सूर्य आग्नेयेच्याही थोडा पलीकडे गेलेला असतो. मुलांनी त्याच्याकडे तोंड केले की त्यांच्या उजव्या हाताला दक्षिण नव्हे, नैऋत्येच्याही पुढची दिशा येते.

सावलीचा प्रदेश

आता उत्तर-दक्षिणेकडे वळू. सूर्य तिथे उगवतही नाही आणि मावळतही नाही. मग सूर्यावरून त्यांना नाव कसे द्यायचे? याचे एक सुंदर उत्तर आपल्यापासून बऱ्याच दूरच्या जॉर्जियन भाषेत सापडते. जॉर्जिया हा काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्या कुशीतला देश. त्याची भाषा संस्कृत, अरबी किंवा तेलुगू यांपैकी कोणाच्याही कुळातली नाही.

जॉर्जियनमध्ये पूर्वेला 'आग़मोसावलेती' आणि पश्चिमेला 'दासावलेती' म्हणतात. पहिल्यात वर येण्याचा अर्थ आहे, दुसऱ्यात खाली जाण्याचा. शेवटचा 'एती' हा प्रदेश दाखवणारा प्रत्यय. म्हणजे उगवती आणि मावळतीच. उत्तरेला मात्र ते 'च्रदिलोएती' म्हणतात. 'च्रदिली' म्हणजे सावली. तेव्हा उत्तर म्हणजे सावलीचा प्रदेश. हा शब्द आपल्याला वापरायलाही सोपा जाईल. इंग्रजीत 'कडे', 'वर', 'आत' असे शब्द नामाच्या आधी येतात, पण जॉर्जियनमध्ये ते मराठीसारखे नामाच्या मागे लागतात. 'केन' म्हणजे कडे. त्यामुळे 'च्रदिलोएतीस्केन' म्हणजे उत्तरेकडे; उत्तर, मग विभक्तीचा 'स', मग कडे.

उत्तरेला सावली का म्हणायचे? दुपारी काठीची सावली पाहा. जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी सुमारे ४१.७ उत्तर अक्षांशावर आहे. तिथे सूर्य वर्षातल्या एकाही दिवशी डोक्यावर येत नाही. २१ जूनला माध्यान्हीसुद्धा तो दक्षिणेकडे थोडा कललेलाच असतो, आणि एक मीटर उंचीच्या काठीची सावली सुमारे ३३ सेंटिमीटर उत्तरेकडे पडते. वर्षाचे ३६५ दिवस दुपारची सावली उत्तरेकडेच. मग उत्तरेला सावलीचा प्रदेश म्हणण्यात नवल ते काय! हीच गोष्ट युरोपने उलट बाजूने सांगितली. लॅटिनमध्ये 'मेरिडीज' या एकाच शब्दाचे अर्थ मध्यान्ह आणि दक्षिण असे दोन आहेत, कारण तिथे मध्यान्हीचा सूर्य नेहमी दक्षिणेला दिसतो.

हा शब्द नांदेड-लातूरमध्ये जन्मला असता का? नांदेड सुमारे १९.१ उत्तर अक्षांशावर आहे आणि लातूर सुमारे १८.४ वर. दोन्ही गावे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. उत्तरायणात सूर्य मेच्या मध्याला आपल्या डोक्यावर येतो. त्या दिवशी माध्यान्हीला सरळ उभ्या काठीला सावलीच नसते. त्यानंतर सूर्य आपल्याही उत्तरेला जातो, आणि जुलैच्या शेवटच्या दिवसांत पुन्हा डोक्यावरून दक्षिणेकडे परततो. मधल्या सुमारे ७० ते ८० दिवसांत दुपारची सावली दक्षिणेकडे पडते. २१ जूनला नांदेडला मीटरभर काठीची सावली सुमारे साडेसात सेंटिमीटर दक्षिणेला असते, लातूरला सुमारे नऊ. २२ डिसेंबरला मात्र नांदेडची तीच सावली ९२ सेंटिमीटर उत्तरेला पोचते.

म्हणजे 'सावलीचा प्रदेश' हे नाव जॉर्जियात बारा महिने खरे आहे आणि मराठवाड्यात साडेनऊ महिनेच. त्या शब्दात नकळत त्या देशाचा अक्षांश नोंदला गेला आहे.

वर आणि खाली

शब्द आपली जन्मजागा सोडून गेला तर काय होते, याचेही उदाहरण आहे. तमिळमध्ये पूर्वेला 'किळक्कु' म्हणतात. 'कीळ' म्हणजे खाली. पश्चिमेला 'मेर्कु', 'मेल' म्हणजे वर. तमिळनाडूची जमीन पश्चिमेच्या घाटाकडून पूर्वेच्या समुद्राकडे उतरते, तेव्हा नावे चपखल आहेत. केरळात जमिनीचा उतार नेमका उलटा आहे. पूर्वेला उंच घाट आणि पश्चिमेला समुद्र. तरीही मल्याळममध्ये पूर्वेला 'किळक्कु' म्हणजे 'खालची'च म्हणतात. शब्द घाटापलीकडचा तसाच राहिला. पश्चिमेला मात्र 'पडिञ्ञारु' म्हणजे सूर्य मावळण्याची बाजू, असा शब्द तिथे रूढ झाला.

मराठवाड्यात 'वरचं गाव', 'खालच्या अंगाला' हे शब्द अनेकदा नदीवरून ठरतात. मग मांजरा नदीचे काय होते ते पाहू. मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूर जिल्ह्यातून पूर्वेकडे वाहते, बीदर जिल्ह्यातून तेलंगणात जाते आणि तिथे मोठे वळण घेऊन उत्तरेला वळते. निजामसागर धरण ओलांडून ती नांदेड जिल्ह्याच्या हद्दीने वर येते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. सुमारे ७२४ किलोमीटरचा हा प्रवास. लातूरच्या माणसाला मांजरेच्या 'खालच्या अंगाला' म्हणजे पूर्वेकडे. बिलोलीच्या माणसाला 'खालच्या अंगाला' म्हणजे चक्क उत्तरेकडे!

नुकतेच मी 'वर येते' असे लिहिले, ते नकाशाच्या सवयीने. प्रत्यक्षात नदी तिथे उतरतच असते. मुलांचाही हाच गोंधळ होतो. 'नदी नकाशात खालून वर कशी वाहील?' असे त्यांना वाटते. तेव्हा मांजरेचा मार्ग बोटाने गिरवायला लावावा आणि नकाशा जमिनीवर, उत्तरेची कड खऱ्या उत्तरेला करून, आडवा अंथरावा. नकाशा जमिनीवर आला की उत्तर आभाळातून उतरते. 'वर' म्हणजे उंचीवर आणि 'उत्तर' म्हणजे एक दिशा, हा फरक मग निराळा सांगावा लागत नाही.

त्रिप्रश्न

शरीर, सूर्य, सावली, उतार अशा चार खुणांवरून दिशांना नावे मिळाली. यांपैकी नेमके मोजमाप देते ती सावली. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत 'त्रिप्रश्न' नावाचे एक प्रकरण असते. तीन प्रश्न म्हणजे दिक्, देश आणि काल: कुठल्या दिशेला, कुठल्या जागी, कुठल्या वेळी. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ते आहे. शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचे, म्हणजे तेव्हाच्या पार्थपूरचे ज्ञानराज यांच्या १५०३ च्या सुमाराच्या 'सिद्धान्तसुंदर'मध्येही आहे. तिन्ही प्रश्नांचे उत्तर देणारे साधन एकच, शंकू, म्हणजे सरळ उभी काठी. दिशा काढण्याची ही रीत त्याहून कितीतरी जुन्या शुल्बसूत्रांत दिलेली आहे.

कृती सोपी आहे. अंगणात सपाट जागी हातभर काठी ओळंब्याने सरळ रोवा. तिच्या बुंध्याला दोरी बांधून काठीच्या उंचीएवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढा. सकाळी सावली लांब असते. ती आखडत येते आणि तिचे टोक वर्तुळाला शिवते, तिथे खूण करा. दुपारनंतर ती लांबत जाऊन पुन्हा शिवते, तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडणारी रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम. तिला काटकोनात काठीतून जाणारी रेषा उत्तर-दक्षिण. महिना कुठलाही असो, उत्तर बरोबर येते. सूर्य दिवसभरात उत्तर-दक्षिण किंचित सरकतो, त्याने पडणारा फरक अंगणातल्या कामासाठी सोडून देण्याएवढा आहे. होकायंत्र किंवा मोबाइल जवळ असेल तर ताडून पाहा, पण लोखंडी खांबापासून लांब.

दोन सूचना. आपल्याकडे घड्याळात बारा वाजले की माध्यान्ह होत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची आहे, त्यामुळे लातूर-नांदेडला माध्यान्ह सरासरी साडेबाराच्या थोडी आधी येते, आणि ऋतूप्रमाणे पाव तासाने पुढेमागे होते. दुसरी गोष्ट, शून्य सावलीचा मेमधला दिवस सुटीत येतो आणि जुलैमधला बहुधा ढगांत जातो. पण शाळा उघडल्यावर जूनच्या उत्तरार्धात ज्या दुपारी ऊन पडेल, त्या दुपारी मुलांना बाहेर काढा. सावली दक्षिणेला पडलेली दिसेल. तीच काठी, त्याच जागी, डिसेंबरात पुन्हा रोवा आणि दोन्ही सावल्या जमिनीवर खडूने किंवा चुन्याने आखून ठेवा.

मग मुलांना एकच प्रश्न द्या: उत्तरेला सावलीचे नाव द्यायचे असेल, तर आपल्या गावात ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल? उत्तर पुस्तकात नाही. ज्या गावाची शाळा, त्या गावाच्या तारखा. देगलूरच्या मुलांच्या तारखा किनवटच्या मुलांपेक्षा दोन-चार दिवसांनी वेगळ्या येतील. तो फरक मोजताना आपण कुठे राहतो, हे त्यांनी स्वतः शोधून काढलेले असेल.